मे महिन्यात गोड्या पाण्यावर गरी: नवख्यांसाठी

काजूचा मोसम आटोपत आलेला असतो, विहिरींचा तळ दिसू लागतो आणि पाऊस अजून तीन-चार आठवडे लांब असतो. गोव्यात गरी, म्हणजे गळ टाकून मासे धरणं, शिकायची म्हणून बहुतेक जण नेमके याच दिवसांत बाहेर पडतात. सुट्टी असते, वाटा कोरड्या असतात आणि पाणी आटल्यामुळे मासे आपसूक हाती लागतील असं वाटतं. खरं तर नवख्याला वर्षातला हाच काळ सर्वांत जड जातो. मासे असतात, पण दिवसातून जेमतेम चार-पाच तास खातात आणि तेही पाण्याच्या एका ठरावीक थरातच. तो थर सापडला तर साध्या वेळूच्या काठीलाही मासा लागतो. नाही सापडला तर महागडं रीळ घेऊनही उन्हात बसून राहावं लागतं. म्हणून इथे पाणी ओळखण्याबद्दल जास्त लिहिलं आहे, सामानाबद्दल बेताचंच.

पाणी कोणाचं, ते आधी विचारा

गोव्यात बिनमालकाचं पाणी फार थोडं. खाजनातल्या (खाऱ्या पाण्याकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीवरची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावरची मासेमारी पावणीत (लिलावात) दिलेली असते. ज्याने पावणी घेतली, त्याचाच तिथल्या माशावर हक्क, त्यामुळे मानशीच्या तोंडाशी गरी टाकली तर भांडण ठरलेलं. गावच्या तळ्यांवर कोमुनिदादचा (गावकऱ्यांच्या सामूहिक जमिनीच्या संस्थेचा), कुळांच्या संघटनेचा किंवा देवस्थानाचा हक्क असू शकतो. देवळाच्या तळीत गरी टाकायचीच नाही, तिथे विचारायलाही जाऊ नका. साळावली, अंजुणे, आमठाणे, चापोली, पंचवाडी ही धरणं पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्यासाठी आहेत. तिथे कुठल्या काठावर बसू देतात, हे जलस्रोत खात्याच्या आणि मच्छीमार खात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारून घ्या. बांधाजवळ, सांडव्याजवळ आणि पाणी उपसण्याच्या जागेजवळ तर जाऊच नका.

म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव आणि बोंडला ही अभयारण्यं आहेत. त्यांच्या हद्दीतल्या ओहोळांत आणि नद्यांत गरी बेकायदा. सत्तरी आणि सांगे तालुक्यांत ही हद्द कुठे सुरू होते ते रस्त्यावरून कळत नाही, तेव्हा गावात विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. ब्लीचिंग पावडर, सुरुंग आणि गेळ-रामेठ्यासारख्या झाडांचं विष वापरून मासे मारायला कायद्याने बंदी आहे. ओहोळात पांढरट पाणी आणि उताणे मासे दिसले तर ते मासे उचलू नका, पंचायतीला कळवा.

पाण्यात प्राणवायू किती उरला आहे

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसात. मेमध्ये तळ्यांचं वरचं पाणी ३० ते ३२ अंशांपर्यंत जातं. म्हणजे मुळातच तुटवडा. त्यात रात्री शेवाळ आणि पाणवनस्पती उरलेला प्राणवायू ओढून घेतात. म्हणून उथळ, हिरव्यागार तळ्यात पहाटे सगळ्यांत वाईट अवस्था असते. पाच-साडेपाचला मासे पाण्यावर तोंड काढून हवा गिळताना दिसतात. नवख्याला वाटतं, मासा वर आलाय, आता खाणारच. पण तो गुदमरलेला असतो, आमिषाकडे बघतही नाही. अशा तळ्यावर ऊन पडून तास-दीड तास झाल्याशिवाय गरी टाकू नका.

खोल पाण्यात गोष्ट उलटी. धरणाचं वरचं पाणी तापून हलकं होतं आणि थंड, जड पाण्यावर तरंगत राहतं. दोन्ही थर मिसळत नाहीत. तळाशी सडणारा पालापाचोळा तिथला प्राणवायू संपवतो. त्यामुळे «उन्हाळ्यात मासा गारव्याला खोल जातो» हे ऐकून सहा-सात मीटरवर आमिष सोडणाऱ्याला संध्याकाळपर्यंत काही मिळत नाही. गारवा तिथे असतो, पण श्वास घ्यायला काही नसतं. मासा या दोहोंच्या मधे, बहुधा एक ते तीन मीटरच्या पट्ट्यात थांबतो.

हे घरच्या वस्तूंनी तपासता येतं. दोन गोष्टी बरोबर ठेवा.

एक, पांढऱ्या डब्याचं झाकण. मधोमध भोक पाडून दोरी ओवा, खाली शिसं बांधा आणि पाण्यात सोडा. ३० सेंटीमीटरच्या आतच दिसेनासं झालं तर पाण्यात शेवाळ फार आहे, पहाटे जाऊ नका. ३० ते ६० सेंटीमीटर म्हणजे चांगलं पाणी. मीटरभर खोल जाऊनही दिसत असेल तर मासाही तुम्हाला तितकाच स्पष्ट पाहतो. मग बारीक तंगूस (गळाचा नायलॉनचा धागा) लावा आणि काठापासून दोन पावलं मागे बसा. मातीने गढूळ झालेल्या पाण्याला मात्र ही मापं लावू नका.

दुसरी, बूच लावलेली काचेची बाटली. तिच्या तळाला शिसं, गळ्याला एक दोरी आणि बुचाला वेगळी दोरी बांधा. तीन मीटरवर सोडून बूच ओढा, भरल्यावर झटकन वर घ्या आणि आत थर्मामीटर बुडवा. वरच्या आणि खालच्या पाण्यात दोन अंशांहून जास्त फरक आला तर थर पडले आहेत असं समजा आणि आमिष वरच्या थरातच ठेवा. पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास आला तर त्या खोलीला मासा नाहीच.

जागा

तळ्यावर आणि धरणावर वारा बघा. दुपारनंतर समुद्राकडून येणारा खारा वारा तापलेलं पाणी आणि त्यावरचं खाद्य पूर्वेच्या काठाकडे ढकलतो. लाटांनी तिथल्या पाण्यात हवाही मिसळते. म्हणून संध्याकाळी पूर्वेचा काठ धरा, तोंडावर ऊन आलं तरी चालेल. सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हा ओहोळ धरणात मिळतो ती जागा किंवा झाडाची सावली पडणारा काठ बरा.

आटलेल्या धरणात एरवी पाण्याखाली असणारं बरंच काही उघडं पडतं. साळावलीत बुडालेल्या कुर्डी गावाच्या भिंती आणि वाटा मेमध्ये पाण्याबाहेर येतात, तिथलं सोमेश्वराचं देऊळही. जुने बांध, ओंडके, चिऱ्याच्या ओळी अशा जागी मासा थांबतो, कारण तिथे आडोसा असतो. पण जिथे लोक आपल्या बुडालेल्या गावाला भेटायला येतात, तिथे दांडी घेऊन बसू नका. आटलेल्या काठाचा चिखलही फसवा असतो. वर कडक पापुद्रा आणि खाली गुडघाभर रेंदा. भेगा पडलेली जमीन पक्की, गुळगुळीत चकाकणारी कच्ची. हातात काठी घ्या आणि पुढचं पाऊल टाकण्याआधी टोचून बघा.

नदीवर चालतं पाणी शोधायचं. म्हादई, खांडेपार, वाळवंटी, कुशावती या नद्यांच्या वरच्या भागात मेमध्ये धार बारीक होते. मासा तीन ठिकाणी जमतो: खडकांवरून पाणी खळखळत उतरतं त्याच्या लगेच खाली, काठातून झरा पाझरतो तिथे आणि कोंडीत, म्हणजे नदीतल्या डोहात. झऱ्याची जागा हातानेच कळते, पाणी एकाएकी गार लागतं. उंबराची किंवा जांभळाची फांदी पाण्यावर आली असेल तर तिच्याखाली फळं टिपायला मासे येतातच.

कोंडीबद्दल मात्र आमचं मत पक्कं आहे. नदी तुटली की दोन-तीन किलोमीटरमधला जवळजवळ सगळा मासा एकाच कोंडीत अडकतो आणि पावसात नदी पुन्हा भरते ती त्याच माशांच्या वंशाने. पाणी दोन्ही बाजूंनी तुटलेलं असेल तर ती कोंड सोडून द्या. वाहती असेल तर दोन मासे घ्या आणि उठा.

बंधाऱ्यामागे पाणी तुंबलेलं असतं. पावसाळ्याआधी, मेच्या अखेरीस, बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात आणि पाणी तासा-दोन तासांत झपाट्याने उतरतं. त्या दिवशी खालच्या बाजूला उभं राहू नका. घाटात वळीव कोसळला तर तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही नदीला लोंढा येऊ शकतो. पाण्याच्या कडेला एक काटकी रोवून ठेवा. ती बुडू लागली किंवा पाण्यात पाचोळा वाढला की सामान गोळा करायला थांबू नका, आधी वर चढा.

भरती-सुकतीचा पट्टा

गोव्यात «गोडी नदी» कुठे संपते हे मोसमावर ठरतं. मांडवीत भरतीचा जोर मुखापासून सुमारे ५० किलोमीटरवर गांज्यापर्यंत जाणवतो, झुआरीत सावर्ड्याच्या आसपास. पावसात हेच पाणी खालपर्यंत गोडं असतं. मेमध्ये वरून येणारी धार आटते आणि खारटपणा आत सरकतो. पाणी चाखून बघायची गरज नाही. पुलाच्या खांबांवर कालवं आणि काठाला खारफुटी दिसली की ते पाणी खारट समजा. इथे रोहू-कटल्याची आशा धरू नका. इथले मासे म्हणजे काळुंदर, शेवटो, तामसो आणि नशीब असेल तर चोणक.

वेळ भरतीवर ठरवा. रोज दोन भरत्या येतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच भरतीला सुमारे ५० मिनिटं उशीर होतो. तक्ता मुरगाव बंदराचा किंवा पणजीचा असतो, आत नदीवर भरती त्याहून बरीच उशिरा पोचते. पहिल्या दिवशी मासे विसरा, खुणेची काठी रोवून पाणी किती वाजता थांबतं आणि उलटं फिरतं तेवढं लिहून ठेवा. तो फरक त्या जागेपुरता पुढेही कामाला येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात असते, तळाशी आमिष टिकवायला ३० ते ४० ग्रॅम शिसं लागतं आणि नवख्याचा गुंता होतो. शिकायला अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी ओढीची भरती, बरा, १० ग्रॅममध्ये भागतं. भरतीचा शेवटचा तास आणि सुकती लागल्यावरचा पहिला तास, यात जे व्हायचं ते होतं.

सामान

पहिल्या मोसमाला एवढं पुरे: सात फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड, २५०० किंवा ३००० आकाराचं रीळ, ०.२८ मिलिमीटरचा तंगूस, बूच, एक ते तीन ग्रॅमची चिरलेली शिशाची गोळी आणि गळ. गळाचे क्रमांक उलटे चालतात, आकडा मोठा तितका गळ लहान. तिलापिया आणि काळुंदर यांची तोंडं लहान, त्यांना ८ ते १० क्रमांक. रोहू-मृगळाला ४ ते ६. मरळीला १/० ते ३/० (/० लावलेल्या क्रमांकांत मात्र आकडा मोठा तितका गळ मोठा).

गेल्या वर्षीचा तंगूस वापरू नका, विशेषतः गाडीच्या डिकीत उन्हाळा काढलेला. उष्णतेने आणि उन्हाने तो ठिसूळ होतो. बाहेरून नवा दिसतो आणि मासा लागल्यावर गाठीपाशी तुटतो. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तापून तिथेच कमजोर पडते.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसली की तंगूस सुटू लागेल तो ताण, घरीच लावून घ्या. एक लिटर पाण्याने भरलेली बाटली तंगुसाला बांधा आणि रॉडने उचला. बाटली जमिनीवरून उठता उठता रीळ कुरकुरत तंगूस सोडू लागलं पाहिजे. बाटली सहज वर आली तर ड्रॅग फार घट्ट आहे. उठलीच नाही तर सैल.

आमिष

रोहू, मृगळ आणि तिलापियासाठी पिठाचा गोळा: गव्हाचं पीठ २०० ग्रॅम, भाजलेलं बेसन ५० ग्रॅम, घाण्यावरची खोबऱ्याची पेंड कुटून ५० ग्रॅम, सुपारीएवढा गूळ. दीडशे मिलिलिटरच्या आसपास पाणी, तेही थोडं थोडं. मळून वीस मिनिटं ओल्या फडक्याखाली ठेवा, मग पुन्हा मळा. कोमट पाण्यात पीठ लवकर विरघळतं, म्हणून चिमूटभर कापूस पिंजून त्यात मिसळतात. वाटाण्याएवढी गोळी गळावर लावून बादलीत बुडवा. दहा मिनिटं टिकली तर ठीक, तीन मिनिटांत सुटली तर पीठ सैल आहे. बरेच जण तासभर रिकामा गळ पाण्यात ठेवून बसतात ते यामुळेच.

मासे जमवायला कोंडा आणि पेंड भिजवून लिंबाएवढे गोळे करा. सुरुवातीला चार, नंतर अर्ध्या तासाला एक. हिवाळ्यात चालणारी किलो-दोन किलोंची उधळण आता करू नका. न खाल्लेलं खाद्य तापल्या पाण्यात सडतं, प्राणवायू ओढतं आणि तुमचीच जागा मरते.

गांडूळ सगळ्यांनाच चालतं, शिंगट्या आणि वाम यांना तर फारच. काळुंदराला त्याच काठाचं धाग्यासारखं शेवाळ गळावर गुंडाळून द्या. चोणक आणि तामसो सुंगटावर (कोळंबीवर) येतात. एका तळ्यातला जिवंत मासा आमिष म्हणून दुसऱ्या पाण्यात नेऊ नका. तिलापिया अशाच हातांनी पसरला. तो लागला तर परत सोडू नका, घरी न्या.

प्रत्यक्ष गरी

मेमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं आणि सातच्या आत सूर्य मावळतो. नदीवर आणि धरणावर सकाळी पावणेसहा ते साडेआठ, संध्याकाळी पाच ते अंधार पडायच्या आधीपर्यंत. मधला वेळ घरी काढा.

आधी खोली मोजा. गळाला जड शिसं लावून सोडा आणि बूच नुसतं टोक दाखवेपर्यंत सरकवा. समजा अडीच मीटर आली. मग बूच मीटरभर खाली सरकवा, म्हणजे आमिष दीड मीटरवर राहील. अर्ध्या तासात हालचाल नसेल तर ३० सेंटीमीटरने खोली बदला. जागा त्यानंतर बदला. नवखा उलट करतो, दर दहा मिनिटांनी जागा बदलतो आणि खोली तीच ठेवतो.

बूच नुसतं थरथरलं तर तिलापियाची पोरं टोचताहेत, ओढू नका. बूच तिरकं होऊन सरकू लागलं किंवा आडवं पडलं तर मनगटाने झटका द्या. आखा हात मागे नेलात तर गळ तोंड फाडून येतो.

या दिवसांत खात्रीचा मासा म्हणजे मरळ. ती वरची हवा घेऊ शकते, त्यामुळे प्राणवायू संपलेल्या तळ्यातही ती तगून असते. थिगूरही तसाच. कमळपानांच्या कडेला बसून बघा. मरळ वर येऊन हवा गिळते तेव्हा «प्लप्» असा एकच आवाज येतो आणि मागे बुडबुडे राहतात. दर काही मिनिटांनी ती त्याच भागात पुन्हा येते. रबरी बेडूक तिच्यापलीकडे दोन मीटर टाकून हळूहळू ओढत आणा. तिने झडप घातली तरी दोन आकडे मोजा, मगच झटका. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका फिरताना दिसला तर खाली आई-बाप राखण करत असतात. ते बेडकावर रागाने तुटून पडतात आणि सोपे लागतात. ते लागले की पिल्लं तासाभरात संपतात. तिथे गरी टाकू नका.

सोडायचा मासा हात ओले करून धरा आणि अर्ध्या मिनिटात पाण्यात द्या. तापल्या पाण्यात जाळीच्या थैलीत डांबून ठेवलेला मासा दुपारपर्यंत मरतो, मऊ पडतो आणि चव जाते. खायचा असेल तर लगेच मारून पोट साफ करा आणि बर्फात घाला, मासा किलो तर बर्फही किलो. पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग जमला असेल तर त्या तळ्यातला मासा खाऊ नका आणि कुत्र्यालाही ते पाणी पिऊ देऊ नका.

मानगे (मगर) आणि बाकीचे

कुंभारजुव्याच्या कालव्यात, आमठाणे आणि साळावलीच्या जलाशयांत मगरी आहेत. दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला चिखलाचा मानगे करून पुजतात ते उगाच नव्हे. उन्हाळ्याच्या अखेरीस मगरीची अंडी फुटतात आणि मादी जागा सोडत नाही. पाण्यापासून तीन मीटर मागे बसा, काठावर उकिडवं बसून मासे धुऊ नका, आतडी पाण्यात टाकू नका, अंधार पडायच्या आत उठा. काठावर ओढत गेल्यासारखी रुंद खूण दिसली तर दुसरी जागा शोधा.

सत्तरीच्या रानात हा माकडतापाचाही काळ. गोचिडी पाचोळ्यात असतात, म्हणून पाचोळ्यावर बसू नका, पूर्ण बाह्या आणि पायमोजे घाला, घरी आल्यावर अंग तपासा. खाणींच्या पाणी भरलेल्या खड्ड्यांवर जाऊच नका. काठ सरळ तुटलेले असतात आणि ढासळतात. ढग गडगडले की कार्बनचा रॉड हातातून खाली ठेवा, तो वीज वाहतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

वळीव पडल्यावर

पहिल्या जोरदार सरीनंतर लहान तळ्यावर जाऊ नका. गार पाणी तळाचा सडका थर ढवळून वर आणतं आणि सकाळी मासे मेलेले तरंगतात. कोणी विष घातलं अशी आवई उठते, पण बहुतेक वेळा कारण हेच असतं. नदीवर मात्र त्याच सरीनंतर एक-दोन दिवस चांगले जातात. पाणी किंचित गढूळ, दोन अंश गार, वरून वाहून आलेले किडे आणि गांडुळं. आखडलेला मासा एकदम मोकळा होऊन खातो. तेव्हा तळाशी गांडूळ लावून बसा.

जूनमध्ये पाणी शेतात शिरलं की चढणीचे मासे सुरू होतात. पोटं अंड्यांनी भरलेली, उथळ पाण्यात, हातानेही धरता येतील असे. तेव्हा गरी बंद. रीळ साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, ड्रॅग पूर्ण सैल करा म्हणजे आतल्या चकत्या दबून राहणार नाहीत, दोन थेंब तेल घाला आणि तांदळाच्या पुरचुंडीसह डब्यात बंद करा. गणेशचवथ होऊन पाणी निवळेपर्यंत तो डबा उघडायचा नाही.